१९६९: राष्ट्रपतिपदाच्या मतपत्रिकेवरचं तिसरं नाव

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी भाग आहेच. ज्यांची रेंज पसरणी घाटात जाते किंवा ज्यांना बसमध्ये वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे. फक्त आकडे तपासून नीट लिहिलेत, कारण आज आकड्यांशी थोडं खेळायचंय.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक तुम्ही कधी ना कधी ऐकलेली असते. व्ही. व्ही. गिरी विरुद्ध नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधी विरुद्ध सिंडिकेट. ‘अंतरात्म्याचा आवाज’. काँग्रेसची फूट. यूट्यूबवर यावर भरपूर व्हिडिओ आहेत आणि बहुतेक सगळ्यांमध्ये गोष्ट दोन माणसांचीच असते. पण त्या निवडणुकीत रिंगणात १५ जण होते. तिसऱ्या नंबरवर आलेल्या माणसाला १ लाख १२ हजार ७६९ मूल्याची मतं पडली. तो मराठी होता. माझं आजचं म्हणणं असं, की त्या पंधरा जणांत राष्ट्रपती भवनाला सगळ्यात जास्त शोभला असता तो हाच माणूस. आणि तो विरोधी पक्षांच्या तिकिटावर उभा राहिला हे काँग्रेसचं नुकसान होतं. त्याचं नाव काँग्रेसनंच पुढे करायला हवं होतं.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख. सी. डी. देशमुख.

हे नाव तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी पाचगणीत राहते, आणि खाली वाईला स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासिकेत अधूनमधून गप्पा मारायला जाते. तिथे ‘रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर?’ असं विचारलं की प्रश्न पूर्ण व्हायच्या आत चार आवाज येतात: सी. डी. देशमुख! बरं, ते राष्ट्रपतिपदाला उभे होते, कोणत्या साली? शांतता. अर्थमंत्रिपद का सोडलं? एक-दोघं सांगतात, संयुक्त महाराष्ट्र. म्हणजे नेमकं काय झालं? पुन्हा शांतता. एका ओळीच्या उत्तरात माणूस असा अडकून बसतो.

तर आधी १९६९ चा उन्हाळा.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेसमध्ये तेव्हा दोन तट होते. एकीकडे पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसरीकडे पक्षसंघटना हातात असलेले जुने पुढारी, ज्यांना वर्तमानपत्रं सिंडिकेट म्हणत. नवा राष्ट्रपती कोण, हा वरवर मानाचा प्रश्न. पण बहुमत डळमळलं तर सरकार बनवायला कोणाला बोलवायचं हे राष्ट्रपती ठरवतो, हे दोन्ही तटांना पक्कं ठाऊक होतं.

जुलैमध्ये बंगलोरला काँग्रेसची बैठक भरली आणि १२ तारखेला पार्लमेंटरी बोर्डात नाव ठरलं. इंदिराबाईंनी जगजीवन राम यांचं नाव मांडलं. गांधीजींची जन्मशताब्दी चालू आहे, दलित समाजातला माणूस राष्ट्रपती व्हावा, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्द्यात दम होता, हे मी मान्य करते. पहिले दलित राष्ट्रपती के. आर. नारायणन व्हायला पुढे १९९७ साल उजाडावं लागलं. सिंडिकेटचं नाव होतं संजीव रेड्डी. बहुमत रेड्डींच्या बाजूनं गेलं. आणि त्या बहुमतात एक मत होतं केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांचं.

इथे जरा थांबू या. यशवंतराव म्हणजे आपल्या भागातले. जन्म देवराष्ट्र्याचा, हे गाव आज सांगली जिल्ह्यात येतं, घडले कऱ्हाडला. इंदिराबाईंना अपेक्षा होती की ते आपल्या बाजूनं मत देतील. त्यांनी रेड्डींना दिलं. पुढे पक्ष फुटला तेव्हा मात्र ते इंदिराबाईंकडेच राहिले. यशवंतरावांवर ‘कुंपणावर बसणारे’ असा शिक्का बसायला जी कारणं झाली, त्यातलं हे एक मोठं. मला तो शिक्का पूर्ण पटत नाही, पण तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

आता त्या बोर्डात कोण कोण होतं बघा. मोरारजी देसाई. स. का. पाटील. यशवंतराव चव्हाण. फखरुद्दीन अली अहमद. शिवाय कामराज, पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, जगजीवन राम आणि स्वतः इंदिराबाई. यातली पहिली चार नावं लक्षात ठेवा, ती परत येणार आहेत.

पुढचे आठ दिवस वेब सिरीजसारखे आहेत. १६ जुलैला इंदिराबाईंनी मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला वटहुकूम काढून १४ मोठ्या खासगी बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. वटहुकमावर सही केली हंगामी राष्ट्रपती गिरींनी, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ते अपक्ष उमेदवार म्हणून मैदानात उतरले. डावे पक्ष, द्रमुक, अकाली दल त्यांच्या पाठीशी आले. देशाचा कारभार महिनाभर सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपती म्हणून पाहिला. इंदिराबाईंची सही रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर, आणि मन गिरींकडे.

उरले उजवे विरोधी पक्ष. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ. १९६७ च्या लोकसभेत स्वतंत्र पक्षाचे ४४ आणि जनसंघाचे ३५ खासदार निवडून आले होते, म्हणजे हलके पक्ष नव्हते हे. स्वतंत्र पक्ष आज कोणाला आठवत नाही. पाचगणीतून त्याच्याकडे जायला एक आडवाट आहे, ती सांगते. टेबललँडकडे जाताना तुम्ही एशिया प्लॅटोची पाटी पाहिली असेल. १९६८ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र राजमोहन गांधी यांच्या पुढाकारानं उभं राहिलं. राजमोहन हे महात्मा गांधींचे नातू, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते आईकडून चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, यांचेही नातू. त्या राजाजींनी १९५९ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, नेहरूंच्या समाजवादाला विरोध म्हणून स्वतंत्र पक्ष काढला. परवाने, कोटे, सरकारी मक्तेदारी, हे सगळं नको म्हणणारा पक्ष. आजोबांच्या पक्षाचा आणि नातवाच्या केंद्राचा थेट संबंध नाही, उगीच जोडू नका. पण मला ही आडवाट आवडते.

तर या दोन पक्षांनी देशमुखांना उमेदवार केलं. आणि इथे गंमत सुरू होते.

सरकारनं उद्योगधंद्यात पडू नये म्हणणाऱ्या पक्षानं निवडलेला हा उमेदवार कोण? १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली, तेव्हा गव्हर्नर देशमुख. १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा अर्थमंत्री देशमुख. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम काढून आयुर्विमा सरकारनं ताब्यात घेतला, ज्यातून पुढे एलआयसी झाली, तेव्हाही अर्थमंत्री देशमुखच. तुमच्या आजीच्या कपाटात एलआयसीची पॉलिसी असेल, तिचं मूळ त्या रात्रीत आहे. म्हणजे इंदिराबाईंनी जे जुलै १९६९ मध्ये बँकांचं केलं, ते देशमुखांनी तेरा वर्षं आधी विम्याचं केलं होतं. त्यामुळे त्यांना ‘भांडवलदारांचा उमेदवार’ म्हणणं म्हणजे त्यांची फाईलच न उघडणं. ते उजवेही नव्हते, डावेही नव्हते. नियमाचे माणूस होते.

ही फाईल थोडी चाळू या.

जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळचं नाते गाव, आजचा रायगड जिल्हा. १९१२ ला मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, आणि १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिला नंबर. नोकरीची सुरुवातीची वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. ११ ऑगस्ट १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. नोटेवर पहिली भारतीय सही त्यांची. १९४४ ला ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात ते होते; जागतिक बँक आणि नाणेनिधी तिथेच जन्मले. १९५० ते ५६ अर्थमंत्री. नंतर यूजीसीचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, १९५९ ला मॅगसेसे पुरस्कार. मधल्या वेळात कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत पद्य अनुवाद. १९५३ ला दुर्गाबाईंशी लग्न झालं, त्या स्वतः संविधान सभेच्या सदस्य. साक्षीदारांत पंडित नेहरू. त्या नात्याचीही एक गोष्ट आहे: ज्या नेहरूंनी लग्नाला साक्षीदार म्हणून सही केली, त्यांच्याच मंत्रिमंडळातून साडेतीन वर्षांत ते बाहेर पडले.

बायोडेटा भारी आहे, पण बायोडेटावरून राष्ट्रपती ठरवायचा तर यूपीएससीच्या टॉपरला दर वर्षी शपथ द्यावी लागेल. माझा मुद्दा बायोडेटाचा नाही. माझा मुद्दा १९५६ चा आहे.

तेव्हा भाषावार राज्यांचं वारं होतं. मराठी माणसाला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा होता. १९५५ च्या अखेरीस यशवंतराव चव्हाणांनी आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटणला, जाहीर केलं की महाराष्ट्र आणि नेहरू यांच्यात निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू. लोकांनी ते आजतागायत विसरलेलं नाही. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी आकाशवाणीवरून सांगितलं: मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. शहर पेटलं. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई, मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील, आणि मोरारजींच्या मंत्रिमंडळात यशवंतराव. आंदोलनात एकूण शंभरावर माणसं गेली. हुतात्मा चौकातून तुम्ही सेल्फी काढत जाता ना, तोच हा हिशोब.

देशमुखांनी जानेवारीतच राजीनामा नेहरूंकडे दिला. तो लगेच स्वीकारला गेला नाही. अर्थसंकल्पाचं काम होतं, ते त्यांनी पुरं केलं. जूनमध्ये नेहरूंनी मुंबई केंद्राकडेच राहणार हे पुन्हा जाहीर केलं, आणि जुलैमध्ये देशमुख बाहेर पडले. लोकसभेत त्यांनी निवेदन केलं. आता त्या निवेदनात काय होतं ते महत्त्वाचं आहे. आपल्याला वाटतं, मराठी माणूस, मराठी अस्मिता, संपलं. तेवढंच नव्हतं. त्यांचे दोन आक्षेप होते. एक, मुंबईबद्दलचा निर्णय पंतप्रधानांनी मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता जाहीर केला. दोन, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का होत नाही?

नेहरूंनी पहिला आरोप सभागृहात अमान्य केला, हेही सांगितलं पाहिजे. पण बघा, देशाचा अर्थमंत्री, जनतेत ज्याचा स्वतःचा गट नाही, कारखाना नाही, साखर संघ नाही, जात-पंचायत नाही, तो उठून म्हणतो: निर्णय चूक की बरोबर हा पुढचा प्रश्न, तो घेण्याची पद्धत चुकली, आणि लोकांवर गोळ्या चालल्या तर उत्तर दिलं पाहिजे. मग खुर्ची सोडतो. नेहरू तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होते. त्यांच्या तोंडावर हे बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आता राष्ट्रपतीचं काम काय असतं? आपल्या घटनेत तो राज्य करत नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं सही करतो. पण सही करण्याआधी एक प्रश्न विचारायची त्याला मुभा आहे: हा खरंच मंत्रिमंडळाचा सल्ला आहे का? रीतसर आलाय का? एवढा एकच प्रश्न. देशमुखांनी १९५६ मध्ये मंत्री म्हणून नेमका हाच प्रश्न विचारला होता. पंधरा उमेदवारांत या एका प्रश्नाची किंमत स्वतःच्या खुर्चीनं चुकवलेला माणूस एकच होता. म्हणून मी म्हणते, तोच.

उदाहरण हवंय? १९ जुलै १९६९ चाच बँकांचा वटहुकूम घ्या. वटहुकूम कशासाठी असतो? संसद चालू नसताना तातडी आली तर. संसदेचं अधिवेशन कधी सुरू होणार होतं? २१ जुलैला. दोन दिवसांनी! राष्ट्रीयीकरण बरोबर की चूक, त्यावर आजही लोक भांडतात, भांडू देत. पण दोन दिवस थांबता आलं नसतं का, हे सही करणाऱ्यानं विचारायला नको होतं? पुढे वटहुकमाच्या जागी संसदेत कायदा झाला, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये कूपर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, सरकारला नव्यानं सगळं करावं लागलं.

दुसरं उदाहरण जास्त कडू आहे. २५ जून १९७५ ची रात्र. आणीबाणीचा कागद राष्ट्रपतींपुढे गेला तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. मंत्र्यांना कळलं २६ तारखेच्या सकाळी. सही झाली होती. राष्ट्रपती होते फखरुद्दीन अली अहमद. बंगलोरच्या बोर्डातलं चौथं नाव, आठवलं?

हां, इथे तुमच्यातले हुशार लगेच म्हणतील, ताई, १९६९ ला निवडून आलेल्याची मुदत १९७४ ला संपली असती, मग देशमुखांचा इथे काय संबंध? बरोबर. देशमुख असते तर आणीबाणी टळली असती असं मी म्हणतच नाही. पण पाच वर्षं राष्ट्रपती भवनात ‘मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे?’ असं विचारायची सवय पडली असती, तर सहाव्या वर्षी ती मोडायला थोडा तरी प्रयत्न लागला असता, असं मला वाटतं. गिरींच्या पाच वर्षांत अशी सवय पडली नाही.

विरुद्ध बाजूचेही मुद्दे आहेत आणि त्यातले काही खरे आहेत. वय? देशमुख ७३ वर्षांचे, गिरी त्यांच्याहून सुमारे दीड वर्षांनी मोठे, त्यामुळे हा मुद्दा बाद. कडक शिस्तीचे, अंतर राखून वागणारे? होते. खेड्यापाड्यातल्या सभेत लोकांनी डोक्यावर घ्यावं असा त्यांचा पिंड नव्हता. इंग्रजांच्या काळात ‘सर’ झालेले अधिकारी. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले नव्हते, आणि त्या पिढीच्या आमदार-खासदारांना हे बोचत असणार. गिरी कामगार चळवळीतले, तुरुंग पाहिलेले. इथे गिरींचं पारडं जड, मी नाकारत नाही.

सगळ्यात टोचणारा मुद्दा वेगळाच आहे. देशमुखांना उमेदवार करणाऱ्या पक्षांना तरी ते निवडून यायला हवे होते का? की फक्त झेंडा रोवायचा होता? ते समजायला मतदानाची पद्धत बघू या.

राष्ट्रपतिपदाला खासदार-आमदार पसंतीक्रम देऊन मत देतात. समजा रविवारी आपला ग्रुप कुठे जायचं ते ठरवतोय. तुम्ही कागदावर लिहिता: पहिली पसंती टेबललँड, दुसरी धोम धरण, तिसरी महाबळेश्वर. टेबललँडला फार कमी लोकांनी पहिली पसंती दिली तर ते बाद, आणि तुमचा कागद धोम धरणाच्या गठ्ठ्यात जातो. कागद फुकट जात नाही, सरकतो. कोणाच्या तरी गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त झालं की संपलं. फरक एवढाच, की इथे प्रत्येक मताला मूल्य असतं. १९६९ मध्ये एका खासदाराच्या मताचं मूल्य ५७६ होतं; आमदारांचं राज्याच्या लोकसंख्येनुसार कमी-जास्त.

निजलिंगप्पा स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या नेत्यांना भेटले. मागणी साधी होती: पहिली पसंती तुमच्या देशमुखांना द्या, दुसरी आमच्या रेड्डींना. इंदिराबाईंना हेच हवं होतं. बघा, आपला पक्षाध्यक्ष उजव्यांशी हातमिळवणी करतोय, असं म्हणून त्यांच्या गोटानं सदसद्विवेकबुद्धीनं मत देण्याची हाक दिली.

आणि देशमुखांच्या बाजूनं बघा, किती विचित्र! १९५६ मध्ये ज्या मोरारजींच्या राज्यात झालेल्या गोळीबाराची चौकशी मागत त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्याच मोरारजींच्या उमेदवाराकडे आता त्यांचे कागद सरकायचे होते. राजकारणात तेरा वर्षांत माणूस कुठल्या गाडीत बसेल, सांगता येत नाही.

१६ ऑगस्टला मतदान, २० ला मोजणी. पहिल्या पसंतीचे आकडे: गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. एकूण वैध मतं ८,३६,३३७, आणि जिंकायला हवी होती ४,१८,१६९. म्हणजे गिरी जिंकले नव्हते. त्यांना १६,६५४ कमी पडत होती. मग एकेक उमेदवार बाद होत गेला, शेवटी देशमुखही. अंतिम आकडे: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०. शेवटच्या फेरीत तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते तर राष्ट्रपती बदलला असता.

आता माझा आवडता हिशोब. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. गिरी आणि रेड्डी सोडून बाकी तेरा जणांची मिळून मतं होतात १,२१,२७४. त्यातून देशमुखांची वजा करा: उरतात ८,५०५. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीतून गिरींना मिळाली १८,५६२. समजा, ती सगळीच्या सगळी ८,५०५ गिरींकडे गेली असं धरलं, तरी १८,५६२ मधून ८,५०५ गेले, उरले १०,०५७. ही मतं कुठून आली? देशमुखांच्याच गठ्ठ्यातून. दुसरीकडून यायला जागाच नाही. म्हणजे कमीत कमी दहा हजार मूल्याचे मतदार असे होते, ज्यांनी पहिलं नाव देशमुखांचं लिहिलं आणि पक्षांच्या ठरलेल्या वाटेनं रेड्डींकडे न जाता ते गिरींकडे गेले. आणि हीच १०,०५७ रेड्डींकडे गेली असती तर? रेड्डी ४,१५,४८४, गिरी ४,१०,०२०. रेड्डी राष्ट्रपती.

मला हा आकडा फार बोलका वाटतो. मतदान गुप्त, त्यामुळे ती माणसं कोण हे कळायला मार्ग नाही. पण एवढं कळतं, की देशमुखांना मिळालेली सगळी मतं पक्षानं हाकलेली नव्हती. त्यातली काही त्यांना बघून पडली होती. आणि ज्या निवडणुकीच्या गोष्टीत देशमुखांना जागा नाही, तिचा निकाल देशमुखांच्या मतपत्रिकांनी लावला.

मग काँग्रेसनं त्यांचं नाव का घेतलं नाही? विचार करा, दोन तट भांडत होते. एकाला जगजीवन राम हवेत, दुसऱ्याला रेड्डी. दोन्हीकडच्यांना मान खाली घालून मान्य करावं लागेल असं तिसरं नाव शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. नेहरूंच्या सरकारात सहा वर्षं अर्थखातं सांभाळलेला, राष्ट्रीयीकरणाचा अनुभव असलेला, गिरणीमालकांचा नाही आणि कम्युनिस्टांचाही नाही असा माणूस दिल्लीतच होता. पण बोर्डाच्या टेबलाभोवती कोण बसलं होतं? मोरारजी, ज्यांच्या सरकारची चौकशी त्यांनी मागितली. स. का. पाटील, ज्यांना मुंबई महाराष्ट्रात नको होती. यशवंतराव, ज्यांनी फलटणला उलट निवड केली होती. आणि इंदिराबाई, ज्यांच्या वडिलांच्या तोंडावर ते बोलले होते. शिवाय १९५९ मध्ये देशमुखांनी जाहीरपणे म्हटलं होतं की सत्तेतल्या लोकांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करायला कायमचं न्यायाधिकरण नेमा. नेहरूंनी ते ऐकलं नाही, पण पक्षातल्यांनी ते लक्षात ठेवलं असणार. सिंडिकेटला हवा होता आपला राष्ट्रपती, इंदिराबाईंना हवा होता आपला. जो कोणाचाच नाही, त्याचं नाव घेणार कोण?

यशवंतरावांबद्दल एक सांगून टाकते, नाहीतर कऱ्हाडचे ऐकणारे मला सोडणार नाहीत. १९५६ ला आत राहून, नेहरूंचा विश्वास टिकवून, अखेर १ मे १९६० ला महाराष्ट्राचा मंगल कलश आणणारे तेच. देशमुख बाहेर पडले म्हणून दिल्लीला हादरा बसला, यशवंतराव आत राहिले म्हणून वाटाघाट झाली. महाराष्ट्राला दोघंही लागले. माझी तक्रार एवढीच की एकाचे पुतळे गावोगावी आहेत, आणि दुसरा एका मार्काच्या प्रश्नात.

पुढे काय झालं ते भरभर सांगते. गिरींनी २४ ऑगस्टला शपथ घेतली. नोव्हेंबरपर्यंत काँग्रेस फुटली. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. स्वतंत्र पक्ष सत्तरच्या दशकात विरून गेला. देशमुखांनी १९७४ मध्ये इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. अखेरची वर्षं दुर्गाबाईंबरोबर हैदराबादला गेली, वयाच्या ऐंशीनंतरही अमरकोशावर काम चालू होतं. २ ऑक्टोबर १९८२ ला ते गेले.

आणि हो, त्या पंधरा जणांच्या यादीत आणखी एक मराठी नाव आहे: पांडुरंग नाथुजी राजभोज. पहिल्या लोकसभेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे सोलापूरहून निवडून गेलेले. १९६९ ला त्यांना मतं पडली ८३१. बंगलोरला जगजीवन राम यांच्या नावावर फुली बसल्यावर, दलित राष्ट्रपतीचा प्रश्न मतपत्रिकेवर तरी आणला तो या माणसानं. पुढचा भाग त्यांच्यावर. तोवर कॅल्क्युलेटरवरचा हिशोब स्वतः करून बघा, आणि मला सांगा जमला का.